कमानवाल्या काकी आणि दोन माणसांची गाडी

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथी झाली, शाळा सुटली, त्यानंतर हाताला सुई लागली ती लागलीच. तेव्हा हे कोणी वाचलंच तर चुका पोटात घाला. काकी असत्या तर त्यांनी मला एवढीही माफी मागू दिली नसती. "वाकडा तं वाकडा. पोचला ना? मंग?" असं म्हणून त्यांनी हा कागदसुद्धा तळहाताने दाबून बघितला असता.

काकी सगळंच दाबून बघायच्या. ट्रक दुकानात लागला की ड्रायव्हर उतरायच्या आत त्याच्या मडगार्डवर हात ठेवून सगळा भार टाकायच्या, मग एकदम हात काढून मान कलती करून बघायच्या. वर येऊन जागेवर थांबलं तर "बेस हाय." डुचमळत राहिलं तर "शॉकअप गेला." हे ट्रकचं झालं. पण लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीचा सोफा, बँकेतली खुर्ची, माझ्या शिलाई मशीनचं टेबल, कशालाच सुटका नव्हती. काकींचे दीर आजारी पडले तेव्हा मी काकींबरोबर दवाखान्यात गेले होते. काकींनी आधी खाट दाबली, मान कलती केली, "खाटंचा शॉकअप गेलाय" म्हणाल्या आणि मग दिराला विचारलं, "तुजा कसा काय?"

तुम्ही जुन्या हायवेने पनवेलच्या बाहेर पडला असाल तर ट्रकच्या कामांची ती गल्ली पाहिली असेल. टायरवाले, वेल्डिंगवाले, बॅटरीवाले, आणि मध्ये पत्र्याची लांब शेड, ती काकींची. उरण, द्रोणागिरीकडे कंटेनर घेऊन जाणारे ट्रेलर तिथे कमानीसाठी थांबायचे. कमान म्हणजे चाकावर असते ती पोलादी पाट्यांची थप्पी. वर लांब पाटा, खाली आखूड आखूड. गाडीचं सगळं ओझं तिच्यावर. एखादा पाटा मोडला की ट्रक एका अंगाला कलतो, दुखऱ्या पायाच्या माणसासारखा.

दुकान काकींच्या नवऱ्याचं. भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं, "पाटा तुटला तर पैसे परत." ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता शेडला कुलूप. महिनाभराने काकी सकाळी आल्या, नऊवारीचा काष्टा आवळला, कुलूप काढलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "चाय सांग. मना बिनसाकरंची." एवढंच. तेव्हापासून गिऱ्हाईक पंजाबचं असो की बिहारचं, काकी त्याच्याशी आगरी बोलायच्या आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा. दोघांचं बरोबर जमायचं.

खरं तर त्यांना दुकानाची गरज नव्हती. त्या उरणकडच्या आगरातल्या, मिठागरवाल्या घरातल्या. सासरची जमीन सरकारात गेली, पैसे आले, मुलांनी बिल्डिंग बांधली, खाली गाळे काढले. थोरला मुलगा चांगला होता. रोज येऊन जायचा, आईसाठी मासळी आणायचा. पण शेडची जागा हायवेला लागून होती आणि ती त्याच्या डोळ्यांत होती. "आये, इथं शोरूम होईल. तू किती दिवस ग्रीस चोळत बसशील?" काकी म्हणायच्या, "हात धुतंय ना रोज?"

त्याच शेडच्या एका कोपऱ्यात माझं मशीन होतं. मी सीट कव्हरं शिवते. भाड्याचा विषय काकींनी कधी काढला नाही. दिवाळीला मी देईन ते घ्यायच्या. शेड गेली असती तर माझा कोपराही गेला असता, म्हणून थोरला आला की माझे कान तिकडेच असायचे.

मी लाजरी. अजूनही आहे. गिऱ्हाइकाने भाव विचारला की मी त्याच्या चपलांकडे बघत राहायची. काकी शेडच्या त्या टोकाकडून ओरडून भाव सांगायच्या, आणि मी मनात धरलेला असेल त्याच्या दीडपट सांगायच्या. मग मला म्हणायच्या, "मिठाची गुळनी धरलीस का गो बाय? आमच्या घरात मीठ पिकायचा, तरी आमी कवा येवढी गप नाय बसलो."

अशा त्या शेडमध्ये एक दिवस अन्वरभाई ती गाडी घेऊन आले.

अन्वरभाई पनवेलचेच. गल्फमध्ये कुठल्याशा कंपनीच्या गॅरेजात जन्म काढून परत आलेले. परत आल्यावर त्यांनी एका जुन्या बंगल्याच्या आवारातून ही गाडी उचलली. विलायती, स्पोर्ट्स कार, वर छत नाही, बसायला फक्त दोन माणसं. म्हणे तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. भाईंनी दोन-तीन वर्षं घरामागे तिच्यावर काम केलं. इंजिन उतरवून चढवलं, रंग दिला. रंग कसा, तर पिकलेल्या जांभळाला उन्हात धरल्यावर दिसतो तसा. पुढे दोन गोल दिवे, बेडकाच्या डोळ्यांसारखे. गल्लीतली सगळी कामं थांबली. वेल्डिंगवाल्याने चष्मा वर केला.

काकी उठल्या, पुढच्या मडगार्डवर हात ठेवला, दाबलं, सोडलं. गाडी खाली गेली ती वर यायलाच तयार नाही. मग आली, आणि डुलत राहिली.

"भाय, ही गारी हाय का पालना?"

"तेच तर, काकी," अन्वरभाई म्हणाले. "पुढच्या स्प्रिंगा थकल्यात. मागची कमान सपाट झाली. पनवेलमध्ये एक गतिरोधक असा नाही जिथे हिचं पोट घासत नाही. बेगमला एकदा बसवलं. स्टेशनपर्यंत पण नाही गेलो. धाडकन बसली खाली, ती उतरली आणि रिक्षा करून घरी गेली. आता म्हणते, या डब्यात मी परत पाय ठेवणार नाही."

"नि तुमाला तिला कुटं न्यायची?"

भाई जरा लाजले. एवढा मोठा माणूस लाजलेला मी पहिल्यांदा पाहिला. "करंजाला. तिचं माहेर. निकाह झाल्यावर तिथून आणलं तेव्हा माझ्याकडे सायकल होती. मग मी बाहेर गेलो. तिची सगळी उमर वाट बघण्यात गेली. एकदा तिला या गाडीतून नेतो, बंदरावर, तिच्या भावांसमोर. बस."

काकींनी गाडीकडे बघितलं, भाईंकडे बघितलं. "करंजालाच ना? नेशीला."

मुंबईला अशा गाड्यांची कामं करणारे आहेत, हे भाईंनाही माहीत होतं, काकींनाही. पण भाई म्हणाले, "तिथे माझी गाडी महिने महिने पडून राहील, आणि मला आत पण घेणार नाहीत. इथे मी बसून बघीन तरी." कामाचे सगळे पैसे त्यांनी आधीच दिले. तो माणूसच तसा, उधारीला घाबरणारा. मला कापडाचं छत आणि खालचा गालिचा शिवायला सांगितला. मी मान हलवली. भाव काकींनी सांगितला.

श्रावण सरत आला होता. काकींनी पुढच्या स्प्रिंगा तळोज्याच्या एका कारखान्यातून वळवून आणल्या, तार चांगली जाड घेतली. मागच्या कमानीचे पाटे भट्टीत लाल करून, ठोकून परत वाक दिला, आणि वर एक पाटा वाढवला. ट्रकला असंच करतात. गाडी बसली की पाटा वाढवायचा. मिस्त्री हळूच म्हणाला, "काकी, हिच्यात दोनच माणसं बसतात." काकी म्हणाल्या, "करंजाची मानसा हायत. मासली नाय आननार होय येताना?"

जॅक काढला. गाडी खाली येईल म्हणून आम्ही सगळे बघत होतो. ती आलीच नाही. चार पायांवर ताठ उभी राहिली, शेपूट वर, जशी शेळी मान खाली घालून पाला ओढते तशी. वेल्डिंगवाला म्हणाला, "काकी, आता हिला कंटेनर जोडा." गल्ली हसली. काकी हसल्या नाहीत. त्यांनी गाडी दाबली. दोन्ही हातांनी दाबली. मग मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी दाबली. गाडी हलली नाही.

"बसंल," काकी म्हणाल्या. "नवीन हाय. वजन पडला की बसंल."

हेही ट्रकचंच. नव्या कमानीवर दोन-तीन दिवस ओझं ठेवतात, म्हणजे पाटे आपापल्या जागी रुळतात. बाकीचे खडीची पोती ठेवतात. काकींच्या शेडमागे भावाकडून आलेली मिठाची पोती होती. मागे राहिलेल्या एक-दोन आगरांतलं जाडं मीठ, गल्लीतल्या सगळ्यांच्या घरी तेच जायचं. काकींनी ती पोती गाडीत रचायला लावली. दोन्ही सीट काढून, खालच्या पत्र्यावर जुनं गोणपाट टाकून, वर पोती.

लोखंड आणि मीठ, हे काकींना कळत नव्हतं असं नाही. आगरातल्या बाईला ते कोण शिकवणार? पण मिठाच्या ट्रकला लाकडी हौदा असतो, मीठ पत्र्याला लागतच नाही, तीच सवय, आणि काम दोन दिवसांचं होतं. दोन दिवसांनी पोती काढायची होती.

मध्ये गणपती आले.

आमच्याकडे गणपतीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी दुपारीच गल्ली रिकामी. मिस्त्री रोह्याला, पोरं आपापल्या गावी, मी आपट्याला माहेरी. काकींच्या घरी गौरी-गणपती, पंचवीस-तीस माणसांची पंगत. मोदकाची उकड काढताना कोणाला गाडी आठवणार? आणि गौरी विसर्जनापर्यंत पावसाने तोंड मिटलं नाही. शेडमध्ये पाणी येत नव्हतं, पण हवाच इतकी ओली की माझ्या मशीनच्या चाकावर हात फिरवला की तळवा भिजायचा.

मी सगळ्यांच्या आधी परत आले. गालिच्याचं माप राहिलं होतं. गाडीजवळ गेले तर पोती अंगाने लहान दिसली. मीठ पाझरलं होतं. गोणपाट उचललं, खाली पाणी, आणि त्या पाण्याचा रंग चहासारखा. बोट लावलं. पत्र्याचा पापुद्रा बोटाला लागून वर आला.

मी तिथेच बसून राहिले. काकी आल्या तेव्हा मी नुसतं बोट पुढे केलं. त्यांनी माझं बोट बघितलं, वास घेतला. मग वाकून गाडीत हात घातला. बराच वेळ हात आतच होता.

"काकी," मी म्हटलं, "वेल्डिंगवाले येतील संध्याकाळपर्यंत. वरून पत्रा मारून देतील. वर गालिचाच येणार आहे."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले होते बहुतेक. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू बोललीस ती चांगला झाला. पर बोललीस ती चुकीचा." आणि म्हणाल्या, "भायला फोन लाव."

अन्वरभाई आले. काकींनी स्वतः गोणपाट बाजूला केलं. काही सजवून सांगितलं नाही. "मीठ ठेवला होता. सनात इसरलो. तुमचा पत्रा खाल्ला."

भाई खाली बसले, पत्र्यावरून हात फिरवला. ज्या माणसाने कोंबड्यांच्या खुराड्यातून गाडी बाहेर काढली त्याचा हात होता तो. मला बघवेना. मग ते उठले आणि म्हणाले, "जाऊ द्या काकी. माणसाकडून होतं."

"मानसाकून होतं, नि भरतं बी मानूसच," काकी म्हणाल्या. "खालचा पत्रा नवीन करीन. स्प्रिंगा बी बदलीन, ह्या तुमच्या कामाच्या नाय. नि दिलेला पैसा सगला परत."

"अहो, पैसे कशाला परत? काम तर करताय."

काकींनी भिंतीकडे बोट केलं. भाई म्हणाले, "ते पाटा तुटला तर. पाटा कुठे तुटला?"

"भाय, पाटा तुटला असता तं बरा झाला असता."

थोरल्याला कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि चांगल्या शब्दांत बोलला. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. "आये, अन्वरचाचांचे पैसे मी देतो. आज देतो, आत्ता. पत्र्याचे पण देतो. पन आता पुरे. बाबांचं नाव आहे दुकानाला, ते असं घालवू नको. तू घरी ये."

मी मशीनवरचा पाय थांबवला.

काकी पाटे मोजत होत्या, त्या मोजतच राहिल्या. "तू दिलास तं दुकान तुजा झाला."

"माझं-तुझं काय त्यात?"

"हाय ना. पैसा दुकानाने घेतला, दुकानच देल. कमानीच्या कामातून देन. सगला फिटला तं मी इथंच बसन, तू परत इचारायचा नाय. या दिवालीनंतरच्या दिवालीपर्यंत नाय फिटला तं मी सोताहून चावी देन."

थोरल्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "लिहून देशील?"

"तुजा बा कंदी लिवून देत होता का? भिंतीवर लिवला, तेवराच."

तो हसला. जाताना मासळीची पिशवी ठेवून गेला. तुम्हाला सांगते, त्या घरात भांडणसुद्धा पापलेट देऊन व्हायचं.

आता काम पुन्हा सुरू झालं. वेल्डिंगवाल्याने खालचा पत्रा कापून नवीन घातला. कोपऱ्याकोपऱ्याला भाई स्वतः बसून होते. वाढवलेला पाटा काकींनी काढला. स्प्रिंगांसाठी तळोज्याला या वेळी त्या अन्वरभाईंना घेऊन गेल्या. जुनी थकलेली स्प्रिंग, भाईंनी कुठून कुठून मागवलेली मापं, दोघंही कारखान्यातल्या साहेबासमोर बसले. साहेबाने हिशेब करून सांगितलं, जुन्याहून थोडी ताठ, उंची तेवढीच. परत येऊन काकींनी मला सांगितलं, "तो सांगत होता तवा मना कललं, मी गारीला नाय, वझ्याला कमान केली होती." हे त्या मोठ्याने, सगळ्या गल्लीदेखत म्हणाल्या. चुकीबद्दल कुजबुजायची त्यांना सवय नव्हती.

नव्या स्प्रिंगा बसल्या, शॉकअप नवे आले, जोडांमधले कुजलेले रबर बदलले. आता पुन्हा वजन ठेवायची वेळ. मिस्त्री पोत्यांचं नाव काढायला घाबरत होता. काकी म्हणाल्या, "मानसांची गारी, मानसांनी बसवायची. चल गो."

"मी?"

"मंग काय मी दोन्ही सीटांवर बसू?"

तर अशी मी आयुष्यात पहिल्यांदा स्पोर्ट्स कारमध्ये बसले, आणि ती उभी होती. काकी स्टिअरिंगसमोर, मी बाजूला. मी मटार सोलले, काकींनी हिशेब घातला, त्यांचा फोन आला तो त्यांनी तिथेच बसून घेतला. ट्रेलरवाले येता-जाता थांबायचे. एक म्हातारा सरदारजी म्हणाला, "चाची, किधर चली?" काकी म्हणाल्या, "दुबयला. येतो का?" मला पदराने तोंड झाकायचं होतं, पण मांडीवर मटार होते. दुपारनंतर मी लोकांकडे बघायला लागले. उघड्या गाडीत बसून किती वेळ खाली बघणार? दुसऱ्या दिवशी टायरवाल्याच्या बायकोने विचारलं, मी बसू का थोडा वेळ. मग बॅटरीवाल्याची सासू. गल्लीतली एकेक बाई येऊन त्या स्प्रिंगांना आपलं वजन देऊन गेली.

शेवटी काकींनी पुढच्या मडगार्डवर तळवा ठेवला, दाबलं, सोडलं. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. काकींनी परत एकदा दाबून बघितलं, बस. मी छताची शेवटची शिलाई मारत होते, तेवढ्यावरून ओळखलं, बेस हाय.

अन्वरभाईंच्या बेगमला, म्हणजे आमच्या भाभींना, आणायला काकी स्वतः गेल्या. भाभी सडपातळ, बुरख्यातून नुसते डोळे, पण डोळ्यांतला नकार स्पष्ट. "काकी, माझी कंबर. मागच्या वेळी चार दिवस शेकत होते." काकी म्हणाल्या, "बय, पैल्या गतिरोधकापर्यंत चल. लागला तं रिक्षा मी करून देन, नि गारी इकायला बी मीच सांगन." भाभी बसल्या. भाई गाडी चालवत होते की जपून पावलं टाकत होते, कळेना. पहिला गतिरोधक गेला. आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो, रिक्षा थांबवून ठेवलेली. गाडी दुसऱ्या गतिरोधकाकडे गेली, तोही गेला, आणि मग पुलापलीकडे दिसेनाशी झाली. रिक्षावाल्याने विचारलं, "काकी, मी जाऊ?"

त्या दिवशी ती दोघं करंजाला पोहोचली. भाभींचे भाऊ बंदरावर लिलाव सोडून गाडी बघायला आले, म्हणे. संध्याकाळी परत आली तेव्हा मागे बर्फात बांधलेली सुरमई होती, काकींसाठी. भाभींनी उतरताना काकींचा हात धरला.

गाडी गेली तरी पैसे राहिले होते. काकींनी ते कमानीच्या कामातून द्यायला घेतले. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं की त्यातला वाटा वेगळा काढायचा, साठला की भाईंना बोलवायचं. भाई न बघता खिशात टाकायचे, काकी चिडायच्या, "मोजून घ्या, भीक नाय ही." कधी काम भरपूर, कधी दोन-दोन दिवस हातोडीचा आवाज नाही. पुढचा पावसाळा कोरडाच गेला धंद्याला, गोदामांकडचे ट्रेलर दुसऱ्या रस्त्याने जायला लागले होते. तेव्हा त्यांनी चहा सोडला. विचारलं तर म्हणाल्या, "पित्त होतं." थोरला यायचा, मासळी ठेवायचा, भिंतीकडे बघायचा. शब्द मात्र त्याने पाळला, पुन्हा विचारलं नाही. त्याचीही मला आता किंमत कळते.

काकींना जाऊन दुसरं वर्ष चालू आहे. झोपेतच गेल्या, घरी, आपल्या खाटेवर. शेड आहे. मिस्त्री कमानी करतो, थोरला सकाळी येऊन बसतो. माझा कोपरा आहे. आता भाव मीच सांगते, आणि दीडपटच सांगते. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या जाण्याचं नाही. त्याच्या आधीच्या त्या सकाळचं.

ठरलेली दिवाळी चार दिवसांवर आली होती. काकींनी अन्वरभाईंना बोलावलं, थोरल्यालाही बोलावलं. आमच्या गल्लीत एक रीत आहे. ट्रकवाल्याची जुनी उधारी पुरी झाली की देणारा बोलत नाही, घेणारा बोलत नाही. तिसरं कोणी तरी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतं, मग पुन्हा त्यावर कोणी शब्द काढायचा नाही. तो तिसरा बहुतेक वेल्डिंगवाला असायचा, त्याचा आवाज मोठा.

भाईंनी त्या दिवशी नोटा मोजल्या. काकींच्या समोर, एकेक. थोरला हात बांधून उभा. वेल्डिंगवाला चष्मा कपाळावर चढवून पुढे आला.

"तू नको," काकी त्याला म्हणाल्या. "तुजा आवाज रोज आयकतात. हिला सांगू दे."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात रेक्झिनचा तुकडा होता, तो खाली ठेवायचं भान राहिलं नाही. अन्वरभाईंनी शेवटची नोट वर ठेवली आणि मान हलवली. मी मशीनवरून उठले, शेडच्या मधोमध आले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बॅटरीवाल्याच्या सासूलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकींचे पैसे फिटले. सगळे फिटले."